झाकणातला उजेड

क्रांती चौकातून बस सुटायच्या आधीच मी सदफच्या अब्बांकडून वदवून घेतलं होतं. "तिथं माझ्याशिवाय कुणापुढं तोंड उघडायचं नाय. कुणी काही विचारलं तर 'मला नाय ठावं' म्हणायचं. राजस्थानात, त्या शेखावाटीत, तुम्ही गाईड नाय, माझे शोहर आहात."

"कसम तुझी," ते गळ्याला हात लावून म्हणाले.

कसम! या माणसाची कसम मला चांगली ठावं आहे. वेरूळला शफीक गाईड म्हटलं की आजही लोक वळून बघतात. सारी हयात दुनियेला लेणी दाखवली, आणि मला? नवं नवं लग्न झालं तेव्हा एकदा घेऊन गेले. दारातच पाहुण्यांची मोठी बस येऊन थांबली. "अख्तरी, तू या झाडाखाली बस, मी आलोच." आले ते संध्याकाळी! मी आपली डबा मांडीवर घेऊन बसलेली. त्या दिवशी जी रुसले ती रुसलेच. पडेगावातनं वेरूळ कितीसं लांब? पण नाय गेले म्हणजे नाय गेले. ते 'चल' म्हणायचे आणि मी म्हणायची, "तुमच्या पाहुण्यांना दाखवा."

यंदा त्यांनी काम सोडलं, तशी सदफनं आम्हा दोघांची नावं राजस्थानच्या सहलीत घातली. "अम्मी, आता तरी मिटवा तुमचं." तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. शेठ लोकांच्या जुन्या हवेल्या, आतून बाहेरून रंगवलेल्या. भिंतीवर हत्ती, आगगाडी, मोटारीत बसलेले देव! मला ते सगळं बघायचं होतं, पण त्याहून मोठी हौस म्हणजे यांनी मला दाखवावं. मला एकटीला.

शेखावाटीतल्या मंडावा गावची पहिली हवेली लई छान झाली. माझी पर्स खांद्याला लावून ते हळू आवाजात सांगत होते, मी "व्हय का?" करत होते. दुसऱ्या हवेलीत घोळ झाला. आमच्या बसमधल्या रत्नमालाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, फार गोड बाई, त्यांनी विचारलं, "भाऊ, हा घोड्यावरचा कोण हो?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम छताकडं पाहिलं. झालं! माणूस सुटला. एकाचे चार झाले, चारांची सगळी बस गोळा झाली. मग हे उलटं चालायला लागले. गाईड लोक तसेच चालतात, तोंड लोकांकडं, पाठ वाटेकडं. आणि ती पाठ येऊन धडकली कुणाला? मला!

"सरका, गाईडसाहेब," मी म्हणाले आणि पर्स ओढून घेतली.

हवेलीच्या आतल्या चौकाच्या कडेला एक खोली होती, त्यात जाऊन बसले. आत पार अंधार. राखणदार म्हणाला, छतावरचं काम साऱ्या हवेलीत भारी आहे, पण दिवा गेलाय. मी म्हटलं, माझं नशीबच तसलं. पर्समधला डबा उघडला आणि रागारागानं धपाटा तोडला.

जरा वेळानं दारात सावली पडली. "अख्तरी?"

"जा, लोक वाट बघताहेत."

त्यांनी वर अंधाराकडं पाहिलं, मागं चौकातल्या उन्हाकडं पाहिलं. मग माझ्या हातातलं स्टीलचं झाकण घेतलं, रुमालानं लख्ख पुसलं आणि बाहेर जाऊन उन्हात उकिडवे बसले. वेरूळला आतल्या अंधारात ते आरशानं असाच उजेड टाकायचे, मला ऐकून ठावं होतं.

दारातून उजेडाचा एक गोळा आत आला, भिंत चढला आणि छतावर गेला. या अल्लाह! लाल, निळा, सोनेरी, नुसता रंगच रंग! लांबच लांब आगगाडी, खिडकी-खिडकीत माणसं. मी मोठ्यानं ओरडलेच.

माझं ओरडणं ऐकून सगळी बस आत घुसली. "भाऊ, जरा हत्तीवर टाका!" "इंजिन दाखवा, इंजिन!"

बाहेरून आवाज आला, "मला इथनं काही दिसत नाय. आणि आज हा उजेड माझ्या बेगमचा आहे. ती सांगेल तिकडंच जाईल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मोठ्यानं म्हणाले, "डावीकडं." उजेड डावीकडं गेला. "थोडा वर." वर गेला. "बस, तिथंच." थांबला. एवढी वर्षं गेली, पण काय सुख झालं म्हणून सांगू!

रत्नमालाताईंनी माझा हात धरला. "ताई, हत्ती दाखवा ना."

"दाखवते, दम धरा. आधी माझी गाडी बघून होऊ द्या."

मी एकेक खिडकी बघितली, सावकाश. मग हत्ती दाखवला, इंजिन दाखवलं.

"अख्तरी, हात भरून आला गं!" बाहेरून हाक आली.

"येऊ द्या! मी त्या झाडाखाली संध्याकाळपर्यंत बसले होते!"

बाहेर ते असे हसले की साऱ्या छतावर उजेड नाचायला लागला. मग माझाच राग टिकेना. उरलेला धपाटा घेऊन मी चौकात गेले, त्यांच्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि म्हटलं, "आधी खाऊन घ्या. आणि मला सांगा, वेरूळला कधी नेताय?"