गुडघे टेकायच्या उशा

उशा मीच नेल्या. कुणी विचारायच्या आधी सांगून टाकते, कारण आमच्या चर्चमध्ये चौकशी कमी आणि बोंबाबोंब जास्त होते.

प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपुढे गुडघे टेकायला महिला मंडळाने वर्षभर खपून नव्या उशा शिवल्या होत्या. जाड निळं कापड, प्रत्येकीवर लाल दोऱ्याने भरलेला क्रूस. रविवारी बिशपांच्या हातून त्यांचं समर्पण व्हायचं होतं आणि तोवर कुणी हात लावायचा नाही, असं माझ्या नणंदेने बजावलं होतं. ती मंडळाची अध्यक्ष. नवरा गेल्यावर मला चर्चच्या झाडलोटीचं काम आणि मागची खोली तिनेच मिळवून दिली. ते ती मला विसरू देत नाही.

शुक्रवारी मागच्या गल्लीत आग लागली. माणसं वाचली, घरं गेली. सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये आणलं. मी झाडू घेऊन गेले, तर म्हाताऱ्या बायका गार फरशीवर आडव्या पडलेल्या आणि तान्ह्या पोरांखाली वर्तमानपत्रं. माझं डोकंच फिरलं. चर्चची किल्ली माझ्या कमरेला होतीच. हातगाडीवर रचून सगळ्या उशा नेल्या. परवानगी मागितली असती तर कमिटीची बैठक बसली असती, आणि बैठकीचा चहाही मलाच करावा लागला असता.

रविवारी सकाळी नणंद वेदीपाशी आली आणि किंचाळली, “वहिनी, उशा कुठायत?”

“हॉलमध्ये. माणसं झोपलीत त्यांच्यावर.”

“देवाच्या कामाच्या आहेत त्या!”

“देवाच्याच कामाला लागल्यात, वन्सं.”

“जास्त शहाणपणा नको. आत्ताच्या आत्ता घेऊन ये, नाहीतर उद्या खोली रिकामी कर.”

खोली गेली तर मला दुसरं दार नाही. पण संताप आवरेना.

“मी नाही आणणार. हव्या असतील तर तुम्ही जा आणि एकेकीच्या डोक्याखालून ओढून काढा. गाडी बाहेर उभी आहे.”

ती तरातरा गेली. मी बाकं पुसत राहिले. घंटा झाली तेव्हा ती रिकाम्या हातांनी परतली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

प्रभुभोजनाला सगळे नुसत्या फरशीवर टेकले. कण्हणं मागपर्यंत ऐकू आलं. बिशपांच्या शेजारी उभे राहून पाळकसाहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. बघू देत! इथे भाकर घ्यायला घटकाभर गुडघे टेकायचे होते, तिकडे माणसं अख्खं अंग टाकून पडली होती. नणंदेला संधिवात. कठडा धरून ती टेकली, आणि उठवायला दोघी लागल्या.

उपासना संपली तशी ती लंगडत माझ्याकडे आली. कमिटी दारातच उभी होती. मी आधीच बोलून टाकलं, “खोली आजच सोडते. माफी मात्र मागणार नाही.”

“माफी मागितलीय कुणी?” तिने पर्समधून कपाटाची किल्ली काढली. “कमिटीच्या खुर्च्यांच्या गाद्या आत आहेत. हॉलमध्ये अजून निम्मी माणसं फरशीवरच आहेत, तेवढं दिसलं नाही तुला?”

“बाई, त्या कमिटीच्या…” मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळूनही बघितलं नाही.

“गाडी तू ओढ,” ती मला म्हणाली. “माझे गुडघे आज कामातून गेलेत.”