गंजाचं बातमीपत्र

माझ्या नाकावर माशी बसत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. उभा जन्म मी रेडिओवर मराठीत आणि इंग्रजीत बातम्या वाचल्या. एखादा उच्चार चुकला तर त्या दिवशी मला घास गिळवत नसे. निवृत्त झाल्यावर हा आवाज वापरायचा कुणावर? तर चिरंजीवांच्या ओल्या टॉवेलवर. "टॉवेल पलंगावर कुणी टाकला?" हे मी इतक्या शुद्ध उच्चारात विचारायची, की चिरंजीव म्हणायचे, "आई, आता हवामानही सांगून टाक."

अशा घरात सूनबाईला बाळ झालं, तेही पीएचडीच्या ऐन मध्यावर.

सूनबाईचा विषय गंज. हो, गंजच. लोखंडाला चढतो तो. खाडीवरच्या पुलाच्या खांबांना तो कसा धरतो आणि कसा थोपवायचा, यावर तिचं संशोधन. लग्न ठरलं तेव्हा मी मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं, "मुलगी गंजात डॉक्टर होणार आहे," तर ती म्हणाली, "अगं बाई, मग दवाखाना कुठे काढणार?" मी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

बाळ म्हणजे माझी नात. तिला आम्ही भोंगा म्हणतो. कारण सांगायला नको.

सूनबाईची रजा संपली की विद्यापीठाची समिती बसणार होती. ही बाई आपल्या विषयात जगाबरोबर आहे की मागे पडली, ते पाहणार. मागे पडली असेल, तर गंज कसा धरतो ते पाहायला खाडीत सोडलेल्या तिच्या लोखंडी पट्ट्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावे होणार. त्या पट्ट्या तिने स्वतः घासून, वजन करून, पोट पुढे आलेलं असताना होडीत बसून पाण्यात सोडल्या होत्या. "आई, त्या माझं पहिलं बाळ आहेत हो," ती म्हणायची.

आणि जग काही हिच्या बाळंतपणासाठी थांबलं नव्हतं. रोज सकाळी फोन टिंग करायचा: तुमच्या विषयावर नवा पेपर आला आहे. ती उघडायची, की भोंगा वाजायचा. दुपारी पुन्हा उघडायची, तर हिचेच डोळे मिटायचे. एकदा मी खोलीत गेले तर पेपर छापून आणलेला, तोंडावर पसरलेला आणि खाली ही घोरत होती. मी कागद उचलला, तशी जागी झाली आणि भोकाड पसरून रडली. "मी मागे पडले हो. दोन ओळी वाचते आणि पहिली विसरते. माझ्या पट्ट्या जाणार."

मला कुणाचं रडणं बघवत नाही. मला राग येतो. "दे इकडे ते भेंडोळं," मी म्हटलं. "तू लेकीला पाज, मी वाचते."

आणि वाचलं. विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण वाक्य कुठे श्वास घेतं ते मला कुणी शिकवायला नको. सूनबाई डोळे मिटून ऐकू लागली. मधेच म्हणाली, "थांबा, हे पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. पुढे आलेख आला. "इथे एक रेघ आहे," मी म्हटलं, "ती जोरात वर चढते, मग दमते, मग बसते."

"दमते म्हणजे कुठे?"

"मधल्या चौकोनाच्या जरा पुढे."

"अगं बाई! म्हणजे तिथे लोखंडावरचा लेप सुटायला लागला!" ती ताडकन सरळ बसली, भोंग्याचं दूध तुटलं आणि पुढचा पेपर त्या गजरात वाचावा लागला. पण सूनबाईच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. मला इतका आनंद झाला, की मी त्या संध्याकाळी टॉवेलबद्दल अवाक्षर काढलं नाही. चिरंजीवांनी घाबरून मला ताप आहे का विचारलं.

मग तो आमचा शिरस्ताच झाला. मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून फोनवर वाचन रेकॉर्ड करायची. हसू नका, लोंबत्या कपड्यांत आवाज घुमत नाही, स्टुडिओ झक मारतो. रेकॉर्ड केलेलं सूनबाई पाजताना ऐकायची. तिच्या प्रयोगशाळेतला एक दाढीवाला विद्यार्थी बाळ बघायला आला, त्याने ते ऐकलं आणि म्हणाला, "आजी, मलाही पाठवा ना. बसमध्ये ऐकेन." झालं! आठवड्यात आख्खी प्रयोगशाळा माझी श्रोता झाली. एकाला म्हणे भांडी घासताना ऐकलं की डोक्यात पक्कं बसतं. मी वर वर कुरकुर करायची, "काय ही नसती उठाठेव लावली माझ्यामागे," आणि आतून फुलायची. लोकांना माझा आवाज पुन्हा हवा होता.

अडचण एकच होती. पेपर लांबलचक आणि भोंग्याचं पोट लवकर भरायचं. तेव्हा कापाकापी आली. त्यात मला कोण शिकवणार! बातमी कशी लिहितात? मुद्द्याची गोष्ट आधी, मग तपशील, मग पालापाचोळा. वेळ संपत आली, की स्टुडिओच्या काचेपलीकडचा माणूस दोन बोटांची कात्री करून दाखवायचा आणि आम्ही बातमी शेपटाकडून कापायचो. शेपटात काही नसतंच. या पेपरांच्या शेपटातही मला रडगाणंच दिसलं: आमचा अभ्यास मर्यादित आहे, अजून बरंच पाहायला हवं, वगैरे वगैरे. म्हटलं, एवढं शिकून सवरून शेवटी हात वर कशाला करता? कचकन कापायची.

समितीच्या आदल्या दिवशी सूनबाईने घरात तालीम केली. श्रोते आम्ही तिघं: मी, चिरंजीव आणि त्यांच्या मांडीवर भोंगा. काय बोलली पोरगी! सगळे नवे पेपर तोंडपाठ. शेवटी म्हणाली, "आणि अगदी ताज्या संशोधनानुसार या नव्या लेपाने गंज निम्म्यावर येतो. म्हणून पुढच्या वर्षी मी माझ्या सगळ्या पट्ट्या वर काढून, त्यांना हाच लेप देऊन पुन्हा खाडीत सोडणार आहे." तो पेपर मीच वाचला होता. मी चिरंजीवांकडे असं पाहिलं, की जणू लेपसुद्धा मीच ढवळला होता.

दुसऱ्या दिवशी ती गेली, चिरंजीव कामावर गेले आणि भोंगा सुरू झाला. पाळणा झाला, खुळखुळा झाला, खांद्यावर घेऊन फेऱ्या झाल्या. शेवटी टेबलावरचा तोच लेपाचा पेपर घेतला आणि वाचायला लागले. गप्प! थांबले की पुन्हा सुरू. मग काय, वाचत राहिले. आज काचेपलीकडे कुणी नव्हतं, कात्री नव्हती. वाचता वाचता भोंगा झोपला आणि मी शेपटापर्यंत पोचले.

"वरील सर्व चाचण्या गोड्या पाण्यात केल्या आहेत. खाऱ्या पाण्यात हा लेप वापरू नये. लेपाखाली मीठ अडकून गंज उलट अधिक वेगाने पसरतो, असं आमच्या प्राथमिक पाहणीत दिसलं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खाडीचं पाणी खारं असतं हे कळायला काही गंजात डॉक्टर व्हावं लागत नाही. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. समितीत कोण फोन चालू ठेवतं! पोरीला दुपट्यात गुंडाळलं, कागद काखेत मारला आणि घरातल्या चपलांवर टॅक्सीत बसले. टॅक्सीवाल्याने विचारलं, "दवाखान्यात का?" मी म्हटलं, "विद्यापीठात. आणि खड्डे चुकवा, बाळ झोपलंय."

सभागृहाचं दार हळूच उघडलं. समोर समिती, मागे दाढीवाला आणि बाकीची पोरं, पडद्यावर त्या लेपाचं चित्र. सूनबाई म्हणत होती, "...सगळ्या पट्ट्यांना हाच लेप." अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मी हात वर केला. सूनबाईने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, पोरीला काही झालं.

"बाळ ठीक आहे," मी आधी सांगितलं. आणि मग माझ्या तोंडून माझा जुना आवाज निघाला, आपोआप. रेडिओवर आमच्याकडे नियमच होता, की चूक ज्या आवाजात गेली, त्याच आवाजात दुरुस्ती जायला हवी. "एक दुरुस्ती. या पेपरच्या आमच्या वाचनात शेवटचा परिच्छेद अनवधानाने वगळला गेला. तो आता ऐका." आणि वाचला, पूर्णविरामापर्यंत.

सूनबाईच्या मार्गदर्शक मॅडमनी कपाळाला हात लावला. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे हा पेपर तुम्ही स्वतः वाचलाच नाही?"

सूनबाई माझ्याकडे बघत होती. एक थाप मारली असती, घाईत विसरले म्हणाली असती, तर निभावलं असतं. "नाही सर," ती म्हणाली. "ऐकला. मुलीला पाजताना. या माझ्या सासूबाई. गेल्या काही महिन्यांतले सगळेच पेपर मी यांच्याकडून ऐकलेत."

मागे खुर्ची सरकली. दाढीवाला उभा राहिला. "सर, मीपण. बसमध्ये." मग भांडीवाला उभा राहिला. बाकीची पोरंही उठली. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आता या योजनेचं काय करणार?" त्यांनी सूनबाईला विचारलं.

ती पडद्यावरच्या चित्राकडे वळली. मग ती सावकाश म्हणाली, "सर, मीठ अडकतं असं त्यांना नुसतं दिसलंय. का अडकतं, ते त्यांना माहीत नाही. त्यांच्याकडे खाडी नाही, माझ्याकडे आहे. मी लेप सगळ्यांना देणार नाही. चार पट्ट्यांना देईन आणि त्या बिघडताना बघेन."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर ती माझ्या शेजारी बसली, पोरीला घेतलं आणि म्हणाली, "आई, मी चिडलेय तुमच्यावर. फार चिडलेय."

"चिड," मी म्हटलं. "तुझा हक्क आहे." या सुनेवर माझा किती जीव आहे, ते मला त्या बाकावर बसल्यावर नीट कळलं.

मॅडम बाहेर आल्या. "पट्ट्या तुझ्याच," त्या म्हणाल्या. "पण समितीची अट आहे. यापुढे प्रत्येक पेपर तू स्वतः वाचायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत."

सूनबाई मला बिलगून रडली. मीही रडले, आनंदाने. पण खरं सांगते, घरी येताना टॅक्सीत मी मनात हिशेब मांडत होते. पट्ट्या वाचल्या, आवाज गेला. कपाट आता नुसतं कपड्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन टिंग वाजला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले. सूनबाई आली, हाताला धरून मला खोलीत नेलं आणि खुर्चीत बसवलं. भोंगा माझ्या मांडीवर दिला.

"अट मी वाचायची आहे," ती म्हणाली. "मनातल्या मनात वाचायचं, असं कुणी म्हटलेलं नाही. मनात वाचलं की मी झोपते. तुम्ही ऐकायचं. नाही कळलं तिथे थांबवायचं."

आणि ती वाचायला लागली. अरे देवा, काय ते वाचन! स्वल्पविरामावर ठेच, लांब शब्दावर आपटी, श्वास भलत्याच ठिकाणी. एरवी असं वाचणाऱ्याला मी स्टुडिओतून हाकलून दिलं असतं. पण मी हूं की चूं केलं नाही. जन्मभर मी वाचत आले आणि ऐकणारे ऐकत आले. मला असं समोर बसवून आजवर कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं. डोळे भरून आले, पुसायला हात मोकळा नव्हता.

तिने वर पाहिलं. "काय झालं? कळत नाहीये का?"

"कळतंय गं," मी म्हटलं. "वाच. पुढे काय झालं?"