जंतू हुंगणारी काडी

उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या रोलिंग मिलच्या, म्हणजे लोखंडी सळ्यांच्या कारखान्याच्या अंगणात माणसांचं कडं पडलं होतं. मधोमध आपलं यंत्र विकायला आलेले, पांढरे हातमोजे घातलेले स्वानंद सर. त्यांच्या हातात एक काळी प्लास्टिकची मूठ, आणि तिच्या टोकाला जुन्या रेडिओच्या एरियलसारखी लांब स्टीलची काडी.

"मन शांत रखिए! शंका से तरंग टूटती है," सर गरजले. "गॅस हो, जंतू हो, बारूद हो, सात दीवारों के पार से पकड़ेगा. बॅटरी नहीं लगती. आपके शरीर की बिजली से चलता है!"

कामगारांना आजारी पाडणारा जंतू शोधत काडी डुलत डुलत निघाली आणि कँटीनच्या दाराशी उभ्या असलेल्या, तिथं चहा-जेवण बनवणाऱ्या कमलावर येऊन थांबली. लोक झपकन मागे सरले. कोणीतरी हलकेच 'टोनही' म्हणालं. या मुलखात चेटकिणीला टोनही म्हणतात, आणि हा शब्द एकदा चिकटला की बाईचं घरदार जातं. कोणी कमलाचा चहाचा डेग लाथेनं उलटवला.

कारखान्याच्या दवाखान्यात येणारी डॉक्टर कौमुदी दाणी तेवढ्यात गाडीतून उतरली. ती तडक कड्यात शिरली. भट्टीवरचे कामगार बरेच दिवस डोकेदुखी, चक्कर, उलट्या घेऊन तिच्याकडे येत होते. ताप कोणालाच नाही, आणि घरी गेले की बरे होत. तिचा संशय कार्बन मोनॉक्साइडवर होता. भट्टीसाठी कोळशापासून जो गॅस बनवतात त्यातला हा विषारी वायू, त्याला ना रंग ना वास. तो मोजणारे मीटर घ्या म्हणून ती मॅनेजर सुशील यांच्या मागे लागली होती. त्यांनी मीटरची ऑर्डर रद्द करून ही काडी आणली.

"सुशीलजी, काय करून राहिले तुम्ही हे?"

"मॅडम, तुमचं मीटर एकच गॅस पकडते. हे सगळंच पकडते! मंग दोन-दोन कशाले घ्यायचे?"

"मैं तो खुदे एही खाना खाथंव, मैडम," कमला रडत म्हणाली. "मोला कुछु नइ होय हे."

मीही तेच खाते, मला काही झालं नाही. अख्ख्या अंगणात तेवढंच एक शहाणं वाक्य होतं, आणि ते कोणाच्याच कानात शिरलं नाही.

"आज कोणाला त्रास आहे?" कौमुदीनं विचारलं.

"भट्टीवरच्या बिसाहूले. सकाळपासून डोकं धरून बसला होता. झोपला आहे आरामाच्या खोलीत," सुशील म्हणाले. "खोली शुद्ध आहे. सरांनी आधीच तपासली ना!"

कौमुदी धावली. शेजारच्या कारखान्यातून मागून आणलेलं, तळहातात मावणारं मीटर तिच्या पर्समध्ये होतं. खोलीच्या दारातच ते किंचाळू लागलं. बिसाहू आत निपचित पडला होता. तिनं श्वास रोखून खिडकी ढकलली, मागून धावत आलेल्या दोघा कामगारांनी त्याला पायांना धरून बाहेर ओढलं, आणि ऑक्सिजन लावून दवाखान्यात नेलं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. बिसाहू वाचला. खोलीमागून जाणाऱ्या गॅसच्या पाइपचा जोड फाटला होता.

एवढ्यावर हे थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी कमला फाटकाबाहेर धुळीत बसलेली, आणि स्वानंद सर आत खुर्चीवर.

"गॅस अपनी जगह," ते म्हणत होते, "पर जंतू तो उसी औरत में है."

आणि माना डोलत होत्या! कौमुदीला शिसारी आली. सरांची आली, त्याहून जास्त त्या मानांची.

"सात भिंतींपलीकडून पकडतं ना?" ती म्हणाली. "मग एक करा. गोदामाच्या चार खोल्या बंद आहेत. कमला कोणत्या खोलीत आहे, तेवढं सांगा."

सर हसले. सगळ्यांदेखत त्यांनी काडी उचलली. ती डुलली, पहिल्या दारावरून सरकली, दुसऱ्यावर थबकली आणि तिसऱ्यावर खिळली. "यहीं है! तरंग बहुत तेज़ है!"

सुशील यांनी कुलूप काढलं. आत एक मोडका कूलर आणि झाडू. बाकीच्या खोल्या उघडल्या, त्याही रिकाम्या. कौमुदीनं आत येतानाच कमलाला फाटकाबाहेर आपल्या गाडीत बसवून ठेवलं होतं.

"आपकी शंका से..." सर पुटपुटले. कौमुदीनं त्यांच्या हातातली मूठ काढून घेतली आणि पेचकसानं उघडली. आत तार नाही, सर्किटची पट्टी नाही, यंत्र म्हणावं असं काहीच नाही. ज्याला सर 'जंतू कार्ड' म्हणत, तो लग्नपत्रिकेचा सोनेरी पुठ्ठा निघाला. गणपतीची अर्धी सोंड अजून त्यावर होती.

"काडी सैल खिळ्यावर बसवली आहे," तिनं मूठ पुन्हा जोडून दाखवलं. "मनगट इतकंसं कललं, की फिरली. ज्याच्यावर संशय, तिकडे मनगट आपोआप कलतं. धरणाऱ्यालाही कळत नाही. याला मात्र चांगलं कळत होतं."

स्वानंद हातमोजे काढत फाटकाकडे सरकू लागला. कालपर्यंत त्याच्या पाया पडणारे आता त्याला मारायला निघाले. "हात लावू नका!" कौमुदी ओरडली. "पोलीस येऊन राहिले. आणि काल त्या बाईचा डेग कोणी लाथाडला?"

मारायला निघालेले मागे सरले. सुशील जवळ आले. "मॅडम, ही गोष्ट बाहेर नको जायला. मालक मले..."

"बिसाहू मेला असता, सुशीलजी. आधी कमलाची माफी मागा."

त्यांनी गाडीपाशी जाऊन मागितली, मान खाली घालून. कमला उठून कँटीनमध्ये गेली आणि चहा करून तिनं कप त्यांच्यापुढे धरला. सुशील यांनी तो घेतला, पण ओठाशी नेताना ते थांबले. सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा थांबले.

"प्या," कौमुदी म्हणाली, आणि मग सगळ्यांकडे वळली. "तुम्हाला मोठमोठी पुस्तकं वाचायची गरज नाही. कोणी चमत्कार दाखवायला आला, की त्याला उत्तर माहीत नसताना ते ओळखायला लावा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. खरं यंत्र अशी परीक्षा द्यायला घाबरत नाही. जो घाबरतो, शंकेला दोष देतो, त्याच्या हातात आपला जीव देऊ नका. आणि दुसऱ्याचा तर मुळीच नाही."