पुलातली बाळंतीण

"रगात! आईनं रगात दिलं!"

येरळा नदीवरच्या जुन्या पुलाखाली अमावस्येच्या सकाळी सगळं गाव ओरडत होतं. नाथाजी भगतानं मधल्या खांबावर हळदीचं पाणी ओतलं होतं आणि पांढऱ्या दगडावरून लाल ओघळ उतरत होते.

नाथाजीची गोष्ट पोराटोरांना पाठ. पूल उभा राहीना, म्हणून गोऱ्या साहेबानं खांबात जिवंत बाळंतीण चिणली. आता १९६४ सालीही ती गावच्या बाळंतिणींना धरते. खांबातून रक्त आलं, की तिनंच धरलंय म्हणायचं. मग सात अमावस्या इथं यायचं आणि डॉक्टरची सुई टोचून घ्यायची नाही. आईला विटाळ होतो!

केरूची बायको बनुबाई वाळूत घोंगड्यावर पडली होती. बाळंत होऊन आठ दिवस, अंगात फणफणता ताप. सरपंच आप्पासोंनी मिरजेच्या दवाखान्यात न्यायला जीप आणली होती. केरू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आप्पासो. आईचा कौल मिळाला."

वर्षापूर्वी याच वाळूत माझी बायको भामा अशीच बाळंतपणाच्या तापात पडली होती. मीही गाडी परत पाठवली होती. ती दुसरी अमावस्या पाहू शकली नाही.

मी पुढं झालो. "नाथाजी, खांबाला चुना कवा दिलास?"

"जोतीराम, आईची साडी हाय ती! दर अमावस्येला पहाटं नेसवतो."

"मग शेजारच्या खांबावर वत की पानी."

"तितं आई न्हाई."

"तितं ताजा चुना न्हाई, म्हन."

त्याच्या हातातला तांब्या घेऊन मी शेजारच्या खांबावर ओतला. पाणी पिवळंच राहिलं. मग गर्दीतल्या लालासाहेबाच्या पानाच्या चंचीतला चुना तळहातावर घेतला, वर हळदीचं पाणी. तळहात लालभडक!

"आता माज्या हातात कोन चिणलीया?"

"आगं बया!" शेजारची आक्काताई पुढं आली. "आपुन घरी कुंकू करतो, तसंच की ह्ये!"

"मग इतकं दिस बोलला न्हाईसा?" मी विचारलं.

"देवाच्या जागी कोन इचार करतंय, भावजी?"

"कोप हुईल!" नाथाजी किंचाळला. "पूल पडंल!"

"पडला तर बांधीन. गवंडी हाय मी. माज्या आज्यानं ह्योच पूल बांधला, चुना, वाळू आनि गूळ घालून. चिणलेल्या बाईचं नाव सांग की."

"आईला... नाव नसतं."

"माजीला हुतं. भामाबाई."

केरूनं बायकोला उचललं आणि जीपकडं धावत सुटला. बनुबाई महिन्यानं मिरजेहून चालत घरी आली.

मी गवंडी. वीस वर्षं चुना कालवला, तरी भामाच्या वेळी मला तो खांबावर दिसला नाही, कारण मी घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसावरच हे भगत जगतात. या पुलानं एकही बाई मारली नाही. आम्ही मारल्या, त्याच्याखाली निजवून. बाळंतिणीला ताप आला, तर कुणाचं ऐकू नका, पुलावरून गाडी हाका आणि दवाखाना गाठा. पूल त्यासाठीच बांधलाय.