कारणाचा रकाना

मोशीत हार्डवेअरच्या दुकानावर माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. साडेचारची बॅच म्हणजे फर्स्ट शिफ्ट संपवून चाकणहून आलेले अकरा जण. त्यातले निम्मे जिना चढतानाच झोपेत असतात, उरलेल्यांना मी झोपवते. महिन्यानं शिफ्ट बदलली की ही मंडळी गायब, आणि परत आली की पुन्हा 'माय नेम इज'. सात वर्षांत पहिला धडा इतक्या वेळा शिकवलाय, की दुसरा मलाच बघून घ्यावा लागतो.

या बॅचला पहिल्या दिवशी कागद वाटले. इंग्रजी कशासाठी हवंय ते लिहा म्हटलं. नऊ जणांनी 'कॉन्फिडन्स' लिहिलं, त्यातल्या चौघांनी शेजारच्याचं बघून. रहाटणीच्या सुजितनं 'फॉरेन' लिहिलं. त्याच्याच कंपनीतल्या ज्योतीरामचा कागद कोरा. चाळिशीचा, उदगीरकडचा माणूस, चौदा वर्षं एकाच प्रेस मशीनवर.

"काहीच नको का तुम्हाला?"

"हवंय की मॅडम. पण ते लिवण्यासारखं न्हाई."

"मॅडम, कंपनीसारखा बोर्ड लावा," सुजित म्हणाला. "टार्गेट, प्रत्यक्ष, आणि कमी पडलं तर कारण. बोर्ड दिसला की माणूस हलतो."

लावला. रोज घरी दहा वाक्यं बोलायची, दुसऱ्या दिवशी येऊन आकडा लिहायचा. तीन आठवडे मी त्या बोर्डावर खूष होते. दहाला दहा, दहाला दहा. फक्त ज्योतीरामचं दोन, शून्य, एक. कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द: झोप.

"भाऊ, तुमच्यामुळं अख्खी लाइन बदनाम होतीय," सुजित त्याला चिडवायचा.

मग एका सोमवारी मी म्हटलं, "चला, प्रत्येकानं एक वाक्य बोला. एकच." खाली दुकानात पाइप कापायचं काम चाललं होतं. सगळे अगदी मन लावून तो आवाज ऐकायला लागले.

"अहो, ती दहा-दहा गेली कुठं?"

सुजितनं मान खाजवली. "मॅडम, बोर्ड असाच भरतात. कमी लिहिलं की कारण लिहावं लागतं, कारण लिहिलं की साहेब बोलावतो. त्यापेक्षा दहा लिहिलेलं बरं."

मी खुर्चीत बसले. दहा जणांची मिळून अठराशे वाक्यं, आणि त्यातलं एकही कुणाच्या तोंडून निघालेलं नाही. ज्योतीरामची अठरा दिवसांत एकोणीस. पण ती खरी.

क्लास सुटल्यावर त्याला थांबवलं. तो दारातच उभा राहून बोलला.

"आमच्यात बाहेरदेशीची गिऱ्हाइकं येतात, तपासणीला. ऑडिट म्हंतात. मशीनवरच्या माणसाला उभ्या उभ्या विचारतात. मग इंग्रजी न येणाऱ्यांची आदल्या दिवशी यादी लागते. आमी त्या दिशी स्टोअरमधे क्रेट मोजायचे, आन माझ्या मशीनवर कुणीतरी डिप्लोमावाला हुबा. नऊ ऑडिट झाली. नऊ बार क्रेट मोजले. येत्या शुक्रवारी दहावं."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"त्या दिशी मशीनवर ऱ्हायचं. बास."

अकरा जणांच्या इच्छांत तारीख असलेली ही एकच.

बोर्ड पुसला. ज्योतीरामचं टार्गेट सहा वाक्यं. मशीनचं नाव, काय बनतं, तासाला किती, कसं तपासतो, खराब माल लाल क्रेटमधे, गार्डची जाळी उघडी असली तर मशीन चालत नाही. मंगळवार, बुधवार तो तीच घोटत होता. मधेच डोळा लागायचा, जाग आली की थांबला होता तिथून पुढं सुरू. तिसरं वाक्य ऐकून मलाच जांभई यायची. गुरुवारी तो आणि सुजित दोघंही आले नाहीत. ऑडिटच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे सक्तीचा ओव्हरटाइम असतो.

शुक्रवारी सुजित जिन्यातूनच बोलत आला, मागं ज्योतीराम. "मॅडम, काल यादी लागली. पहिलंच नाव ज्योतीरामभाऊ. हे सरळ अजिंक्य साहेबांकडे गेले, आमचे सुपरवायझर, आणि सहाच्या सहा वाक्यं म्हणून दाखवली. साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, इफ मशीन स्टॉप्स?"

हे आम्ही घोटलेलं नव्हतं. मी ज्योतीरामकडे पाहिलं.

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. "जे व्हतंय ते सांगितलं. आय कॉल यू, यू कम लेट."

वर्गात एवढं हसू मी या बॅचमधे पहिल्यांदाच ऐकलं.

"साहेबांनी माझ्याकडे पाहिलं," सुजित म्हणाला. "मी छताकडं. मग त्यांनीच पेन काढून नाव खोडलं."

"आणि आज? पाहुण्यानं काय विचारलं?"

"काय बी न्हाई," ज्योतीराम बाकावर टेकत म्हणाला. "आला, मशीन बघितली, मान हालवली, गेला फुडं."

"म्हणजे सहाही वाक्यं फुकट!" मागून कुणीतरी.

"फुकट कशी? आठ तास मशीनवरच व्हतो की."

तो उठला, बोर्डापाशी गेला. टार्गेट सहा. प्रत्यक्षमधे त्यानं सात लिहिलं.

"भाऊ, जास्त झालं तरी कारण लिहावं लागतं," सुजित म्हणाला.

ज्योतीरामनं थोडा विचार केला. मग कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'साहेब उशिरा येतात', आणि जागेवर येऊन बाकावर डोकं टेकलं. मी त्याला उठवलं नाही. हजेरी लावली आणि पहिल्या दिवसाच्याच प्रश्नासाठी बाकीच्यांना नवे कोरे कागद वाटले.