सुंदराच्या अकरा टिकल्या

पहिली काठी पिराजीच्या पाठीत बसली. दुसरी त्याने हातावर घेतली, आणि मनगट मोडल्याचा आवाज चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोला, सुंदराला, ऐकू आला.

"कूळ लावतोस व्हय रं आमच्या रानाला?" शेखर ओरडत होता. जाळीतली मेंढरं एकमेकांवर चढत होती. मधे आलेल्या एडक्याच्या कपाळात त्याने काठी घातली. एडका गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर गेला.

शेखरचा चुलता दादासाहेब बांधावरून सावकाश आला. रान त्याचं. त्याने सुंदरासमोर मोबाइल धरला. नांदे ग्रामपंचायतीत लावलेल्या विकास आराखड्याच्या नकाशाचा फोटो होता.

काल तिथे नगररचनेच्या जान्हवीबाईंनी, एरवी कुणी विचारत नाही अशा माणसांना मुद्दाम बोलावलं होतं. चहा-बिस्किटं दिली, चिकटवायला लाल टिकल्या दिल्या. "मावशी, तुम्ही राहता तिथे लावा." बाईंना एका टिकलीची अपेक्षा होती. सुंदराने ओढा, देऊळ, पाण्याची टाकी विचारत विचारत अकरा लावल्या. दिवाळीनंतर ज्या अकरा वावरांत त्यांची मेंढरं खतासाठी बसत, त्या सगळ्यांवर. बाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"माझ्या रानात तुजं घर?" दादासाहेब म्हणाला. "हितं गुंठ्याला काय भाव चाललाय, ठावं हाय का?"

"मालक, ऱ्हाता तितं लावा म्हनली बाई. तीन राती हितंच हाय की आमी. खताला तुमीच बोलावलं."

दादासाहेबाने तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला.

"चल. समद्या टिकल्या उपटायच्या. तवर ह्यो हितंच."

शेखरने पिराजीच्या छातीवर पाय ठेवला.

ग्रामपंचायतीत सुंदरा नखाने एकेक टिकली काढत होती. प्रत्येक टिकलीबरोबर कागदाचा पापुद्रा निघत होता. जान्हवीबाई तिच्या ओठाकडे बघत राहिल्या.

"मावशी, पोलिसांना बोलावते मी."

"नगं बाई. चुकलं माजं." मग हळूच, "उद्या मेंढरं कुटं बसवू? तुमच्या हापिसात?"

बाईंच्या हातातल्या फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला रकाना नव्हता.

परत आल्यावर दादासाहेबाचा राग उतरला होता. "झालं ते झालं. आता बसवा मेंढरं आनखी दोन राती. वावराला खत कमी पडतंय."

पिराजी मेलेल्या एडक्याशेजारी उठून बसला होता. सुंदराने पदर फाडून त्याचा हात गळ्यात बांधला. जाळी गुंडाळून घोड्यावर टाकली. मग एक रिकामं पोतं घेऊन ती वावरात उकिडवी बसली आणि तीन रातींच्या लेंड्या ओंजळीने गोळा करू लागली.

"आगं ए, खुळी का काय? ते खत हाय माझं!"

"कशाचं खत, मालक?" तिने वर पाहिलं नाही. "आमी हितं ऱ्हायलोच न्हाई."

शेखरने काठी उचलली. पिराजी उठला, तिच्याजवळ येऊन बसला आणि धड हाताने त्याने पोत्याचं तोंड उघडं धरलं.