दातांत धरलेला दोरा

माझी पणजी बाराबंदीचा बंद होती. आजी कापडाची वळलेली गाठ, आणि आई पितळेची, साखळीने जोडलेली. त्यांच्यानंतर आले ती मी: शिंपल्याची, चार छिद्रांची एक जुनी गुंडी. मला बटण म्हणायचे असेल तर म्हणा. पण मित्रांनो, सरळ बसून म्हणा. माझे घराणे मोठे आहे.

नागपूरच्या मनोहररावांनी स्वतःच्या हातमागावर जाड सुती कापड विणले. त्याचा सदरा शिवून झाल्यावर त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाईंनी मला नेमके छातीवर बसवले. गुंडीखाली आगपेटीची काडी ठेवून त्या टाके घालत. मग काडी काढून सैल दोऱ्याला वेढे देत आणि गुंडीला मान करत. मान असलेली गुंडी ताठ राहते. मीही ताठ होते. आपण जन्मभर इथेच, अशी माझी समजूत होती.

एके सकाळी सगळे बिनसले. त्यांच्या धाकट्या जाऊ सुभद्राबाई धावत आल्या. त्यांचा मुलगा चेतन मौद्याला नोकरीच्या मुलाखतीसाठी निघाला होता आणि त्याच्या शर्टाची गुंडी ऐन दारात तुटली होती.

"जाऊबाई, बस निघून राहिली जी!"

कुसुमावतीबाईंनी खुंटीवरचा सदरा ओढला आणि मलाच कापून काढले. काहून? घरात दुसरी गुंडी नव्हती काय? पाहा, गोंधळून माझी भाषासुद्धा सुटली.

"शर्ट काढू, मोठी आई?"

"राहू दे अंगावरच. दातात दोरा धर, अन् तोंड उघडू नको."

अंगावरचा कपडा शिवायचा तर घालणाऱ्याने दातांत दोरा धरायचा, नाहीतर अशुभ, अशी त्या घराची रीत. ती कशासाठी, हे मला तेव्हा उमगले नाही. चेतन मुकाट उभा राहिला. शेवटचा टाका घालून कुसुमावतीबाई म्हणाल्या, "काम झालं का माझी गुंडी मले परत पाहिजे, सुभद्रा."

"आज संध्याकाळीच आणून देतो जी!" सुभद्राबाई म्हणाल्या.

नोकरी लागली. ती संध्याकाळ मात्र आली नाही. चेतन मौद्याला राहायला गेला, आई सोबत गेली, आणि प्लॅस्टिकच्या पांढऱ्या गुंड्यांमध्ये मी एकटी पडले. त्या मला पाहुणी म्हणत. मी पाहुणी की घरची, हे मलाही सांगता येईना.

काही महिन्यांनी सुभद्राबाईंनी गांधीबागेच्या बाजारातून नव्याकोऱ्या गुंड्या घेतल्या, चांगल्या पुठ्ठाभर, आणि चेतनच्या हाती मोठ्या जाऊकडे पाठवल्या. तो गेला, आणि गेला तोच शर्ट घालून! कुसुमावतीबाईंनी त्याच्या हातातला पुठ्ठा पाहिला. मग त्याच्या छातीवर मला पाहिले. आता कात्री येणार, असे मला वाटले.

"मी एक गुंडी देली होती," त्या म्हणाल्या, "दुकान नाही मागतलं. घेऊन जाय."

"असू दे वं," मनोहरराव सदऱ्याच्या फटीवर हात ठेवून हसले, "उन्हाळ्यात हवा लागते."

त्या हसल्या नाहीत. त्या दिवसापासून जावांचे बोलणे तुटले. मी तर समोरच होते! मग कोणी मागितले का नाही, कोणी काढून दिले का नाही?

शर्ट विरला, तरी त्याचे फडके झाले नाही. तो पेटीच्या तळाशी डांबरगोळ्यांत गेला. मित्रांनो, वस्तू कुलपात ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. जिची जागा जिथे, तिला तिथे नेऊन लावणे म्हणजे जपणे. हे मी अंधारात पडून शिकले.

गेल्या हिवाळ्यात पेटी उघडली. मनोहरराव गेले होते. तेरवीला सुभद्राबाईंनी पाहिले होते, की कुसुमावतीबाई साडीवर नवऱ्याचा तोच सदरा घालतात आणि माझ्या जागी सेफ्टीपिन लावतात. त्या दिवशीही मोठी जाऊ त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"आता नाही बोलल्या, त मग कधी बोलतीन?" असे स्वतःशीच म्हणत त्यांनी मला कापून पदराच्या गाठीत बांधले.

नागपूरच्या घरी कुसुमावतीबाई अंगणात उन्हात बसल्या होत्या. सुभद्राबाईंनी गाठ सोडून तळहात पुढे केला.

"आता आठवण आली काय तुले? इतक्या वर्षांनी..."

"सदरा अंगावरच राहू द्या, जाऊबाई. दातात दोरा धरा."

रीत मोडणे त्यांच्याने होईना. जिच्यापुढे घरात कोणी दुसरा शब्द काढला नाही, ती बाई सेफ्टीपिन काढून, दातांत दोरा धरून गप्प बसली. सुई चालू लागली, आणि सुभद्राबाईंची जीभही.

"मी विसरली नव्हती जी. या गुंडीनंच पोराले नोकरी लागली, असं डोक्यात बसलं. काढली त नोकरी जाईन, याचं भेव वाटे. भाऊजींच्या छातीवरची फट मले झोपेत दिसे, तरी हात धजला नाही."

"हूं! हूं!"

"बोलू नका, सुई टोचन."

टाके झाले. सुभद्राबाईंनी माझ्याखालची आगपेटीची काडी काढली, दोऱ्याला वेढे दिले आणि मला मान केली. कुसुमावतीबाई वाकून ते वेढे पाहत राहिल्या. सुभद्राबाईंनी सुईचा दोरा तोडला. आता बोलायला मोकळीक होती, तरी कुसुमावतीबाईंनी दातांतला दोरा सोडला नाही. रागावल्या की काय? माझा जीव टांगणीला लागला.

त्यांनी हातातली सेफ्टीपिन सुभद्राबाईंच्या बांगडीत अडकवली. मग दातांतला दोरा काढला.

"फिटलं वं, सुभद्रा. आता चहा मांड. साखर जुन्याच डब्यात आहे."